हरल्या दिवशीचा सल्ला

कोल्हापुरात फुटबॉलचा हंगाम थंडीत सुरू होई आणि उन्हाळा चांगला तापेपर्यंत चाले. प्रत्येक पेठेच्या तालमीचा आपला संघ होता, आणि स्टेडियमच्या पायऱ्यांवर प्रत्येक पेठेची आपली जागा होती. ही वाटणी कुणी केलेली नव्हती, पण ती मोडतही नव्हती. नवखा माणूस चुकीच्या पायरीवर बसला तर त्याला कुणी ऊठ म्हणत नसे. आसपासचे लोक नुसते त्याच्याकडे बघत राहत, आणि थोड्या वेळाने तो आपणहून उठे.

आमच्या पेठेच्या पायऱ्या पश्चिमेला होत्या. दुपारचे ऊन पाठीवर येई, डोळ्यांवर येत नसे. सत्तरच्या दशकात मी शहरातल्या एका दैनिकात वार्ताहर होतो आणि सामन्यांच्या बातम्या देत असे. वार्ताहरांसाठी मांडवात खुर्च्या असत. पहिले दोन हंगाम मी तिथे बसलो. पुढच्या रांगेतल्या पाहुण्यांच्या फेट्यांमुळे पलीकडचा गोल दिसत नसे, म्हणून मी पायऱ्यांवर आलो आणि पुढे तिथेच राहिलो.

आमच्या पायरीवर चौघे ठरलेले होते. नावे देण्याची गरज नाही, कारण तिथे कुणी कुणाला नावाने हाक मारत नसे. सगळ्यांत वडील होते ते सायकलचे दुकान चालवत. त्यांना सगळी पेठ मामा म्हणे. त्यांच्याशेजारी एका हायस्कुलातले चित्रकलेचे शिक्षक, म्हणजे मास्तर. मग एका बँकेतले कारकून, म्हणजे बँकवाले. शेवटी मी, पेपरवाले.

खेळ चालू असताना घरची गोष्ट काढायची नाही, हा पायरीचा पहिला नियम होता. घरची गोष्ट हाफ टाईमला निघे. शिट्टी वाजली की मामा भडंगाची पुडी सोडत आणि विचारत, "हं, कुणाचं काय?" मग ज्याचे काही असेल तो सांगे. मुलाला आयटीआयला घालावे की दुकानात बसवावे, साहेब खार खाऊन आहे तर काय करावे, भावाने बोलावलेल्या धंद्यात पडावे का. प्रत्येक जण आपले मत देई. दुसऱ्या डावाची शिट्टी वाजायच्या आत मामा निकाल सांगत, आणि बहुतेक लोक तो पाळत. मला एकदा पुण्याच्या दैनिकातून बोलावणे आले होते. तेव्हा मामांनी विचारले, "पुण्यात रविवारी दुपारी काय असतंय?"  मी कोल्हापुरात राहिलो. त्याचा मला पस्तावा नाही, पण सल्ला कसा दिला जाई ते यावरून कळेल. मामांच्या मते माणसाने आपली जागा सोडू नये. बॅक पुढे धावून गेला आणि त्याने गोल मारला तरी मागे भोक पडतेच. त्या पायरीवरून कुणालाही गावाबाहेर जाण्याचा सल्ला मिळाल्याचे माझ्या ऐकिवात नव्हते.

दुसरा नियम मामांनी स्वतः घातला होता. हरल्या दिवशीचा सल्ला धरायचा नाही. हाफ टाईमला काहीही ठरो, पुढे आपला संघ हरला की ते रद्द, आणि प्रश्न पुढच्या सामन्याला पुन्हा मांडायचा. बरोबरी झाली तरी प्रश्न पुढे ढकलायचा. मामांचे कारण असे, की हाफ टाईमला आपण सगळे "आज जिंकतोय" म्हणून बसलेले असतो. ज्यांना समोरची मॅच नीट दिसली नाही, त्यांना दुसऱ्याचा संसार काय दिसणार? या नियमामागे एक प्रसंग होता. एका मोठ्या पराभवाच्या दिवशी मामांनी दुकान विकून टाकायचे ठरवले होते आणि घरी जाताना वाटेत गिऱ्हाईकही बघितले होते. दुसऱ्या दिवशी सकाळी ते नेहमीच्या वेळी दुकानात आले, आणि गिऱ्हाईक दारात उभे होते. त्याला परत पाठवता पाठवता त्यांच्या नाकी नऊ आले.

बँकवाल्यांची गोष्ट या नियमापाशी अडली.

ते चाळिशीचे, सडपातळ, चष्मा लावणारे गृहस्थ होते. बँकेच्या खिडकीत त्यांचा आवाज काचेपलीकडे नीट ऐकू येत नसे. पायरीवर मात्र त्यांच्याइतका मोठा आवाज पेठेत दुसऱ्या कुणाचा नव्हता. हंगाम सुरू झाला की ते एक तपकिरी स्वेटर घालत आणि आपला संघ स्पर्धेतून बाहेर पडेपर्यंत, ऊन कितीही असो, तो काढत नसत. पेनल्टी कुणालाही मिळो, ते मैदानाकडे पाठ करून उभे राहत आणि शेजाऱ्याला विचारत, "काय झालं? काय झालं?"

बँका सरकारी झाल्यापासून खेडोपाडी शाखा निघत होत्या आणि त्यांना माणसे लागत होती. बँकवाल्यांना बढतीसाठी दोन वेळा विचारणा झाली होती, आणि दोन्ही वेळा त्यांनी नकार दिला होता. बढती म्हणजे बदली. त्यांनी घरी कारण सांगितले आईच्या तब्येतीचे आणि बँकेत सांगितले मुलीच्या शाळेचे. पायरीवर कारण सांगावे लागले नाही. उलट, दुसऱ्या नकाराच्या वेळी मामांनी त्यांना भडंगाची आख्खी पुडी दिली होती.

तिसऱ्यांदा विचारणा झाली तेव्हा त्यांनी पायरीवर काहीच सांगितले नाही. आम्हाला ते त्यांच्या बायकोकडून कळले.

तो रविवार होता आणि साखळीतला सामना होता. समोरचा संघ दुबळा होता. हाफ टाईमला गोल कुणाचाच नव्हता, पण काळजी कुणाला नव्हती. मामा पुडी सोडत होते. तेवढ्यात खालून एक बाई पायऱ्या चढत येताना दिसल्या. त्या काळी स्टेडियमवर बायका फारशा येत नसत. लोक पाय आखडून वाट करून देत होते. बँकवाले उठून उभे राहिले आणि पुन्हा बसले.

"या वहिनी, बसा की," मामा म्हणाले.

"बसायला न्हाई आलो मी. न्याय मागायला आलोय."

"अगं, इथं कशाला—"

"तुम्ही गप बसा. घरात बोलाय लागलं की उठून तालमीत जाताय. आता हितनं उठून कुठं जाताय बघू."

आसपासच्या दोन-तीन पायऱ्यांवरचे लोक वळून बघू लागले. वहिनींनी आवाज कमी केला नाही.

"चंदगडकडं बँकेची नवी शाखा निघतीया. ह्यांना मॅनेजर करायला लागल्यात. पुढच्या सोमवारी उत्तर द्यायचं हाय. दोन डाव न्हाई म्हणून झालं. आता न्हाई म्हटलं की परत इचारणार न्हाईत. रिटायर हुईस्तवर त्याच खिडकीत."

"आईची तब्येत—" बँकवाले म्हणाले.

"कुणाची? आत्याबाई रोज पहाटे पंचगंगेवर जाऊन येत्यात. काल मला म्हणाल्या, पोरी, फुटबॉल ह्याला झालाय आणि औषध मला का पाजतोय?"

मागच्या पायरीवर कुणीतरी मोठ्याने हसले. मामांनी मान वळवून बघितले आणि ते हसणे थांबले.

"साहेब व्हायचंच नसतं ह्यांना, तर मी आलोच नसतो," वहिनी म्हणाल्या. "पण आरशापुढं उभं राहून साहेबागत बोलून बघत्यात. 'बसा पाटील, कर्ज कशासाठी पाहिजे?' मी आतनं ऐकतोय."

बँकवाल्यांनी चष्मा काढला आणि ते तो स्वेटरच्या कडेला पुसू लागले. हे ऐकून ते नाही म्हणाले नाहीत, हे सगळ्यांच्या लक्षात आले.

मामांनी रीतीप्रमाणे मते घेतली. मास्तर म्हणाले, "चंदगडला पाऊस फार."

"पाऊस जूनला. तुमचा हंगाम तवर संपतोय की," वहिनी म्हणाल्या.

मी म्हटले की रविवारी सकाळच्या एसटीने येता येईल, पण परतीची गाडी सामना संपायच्या आत सुटते. तेवढीच माहिती माझ्याकडे होती.

"मुक्कामाला घर हाय की हितलं. सोमवारी पहाटे जातील," वहिनी म्हणाल्या.

मामांनी पुडी खाली ठेवली. भडंग कुणी खाल्ले नाही. संघ मैदानात उतरू लागले तेव्हा ते म्हणाले, "राखीव बसून बसून म्हातारी झालेली पोरं मी बघितल्यात. त्यांना कुणी बोलवत न्हवतं. तुम्हाला बोलवायला लागल्यात, आणि तुम्ही बूट काढून बसलायसा." मग त्यांनी त्या पायरीवर कधी न दिलेला निकाल दिला. "जावा."

"ठरलं?" वहिनींनी विचारले.

"ठरलं."

"मग मी जातो. पुढचं मला काय कळत न्हाई." त्या आल्या तशा पायऱ्या उतरून गेल्या.

दुसऱ्या डावात आमच्या बॅकच्या पायाला लागून चेंडू आमच्याच गोलमध्ये गेला. उरलेला वेळ सगळा संघ पुढे धावत राहिला, पण गोल फिटला नाही. त्या दुबळ्या संघाकडून आम्ही एका गोलने हरलो. लोक शिव्या देत उठत होते. बँकवाले बसून होते. त्यांनी चष्मा लावला आणि शांतपणे म्हणाले, "मामा, हरलो की."

नियम आड येणार हे मामांना आधीच कळले होते.

"अहो, तो नियम किरकोळ गोष्टींसाठी," मास्तर म्हणाले. "हा माणसाच्या नोकरीचा प्रश्न आहे."

"नियम किरकोळीला एक आणि मोठ्याला एक नसतोय मास्तर," मामा म्हणाले. "फायनल हाय म्हणून रेफ्री पेनल्टी द्यायची सोडतोय व्हय?" आपल्याच नियमात ते असे अडकले होते. "पुढच्या रविवारी परत मांडायचं. सोमवारच्या आत हाय नव्हं? झालं तर."

पुढचा रविवार म्हणजे पलीकडच्या पेठेबरोबरचा सामना. तो जिंकला तर आम्ही अंतिम फेरीत जाणार होतो. बँकवाल्यांच्या बाबतीत हिशेब वेगळा होता. जिंकलो तर त्यांनी जायचे. हरलो तर सल्ला रद्द. बरोबरी झाली तर प्रश्न पुढे जाणार, आणि पुढच्या सामन्याआधी सोमवार येऊन गेलेला असणार. ज्या माणसाने आयुष्यात आपल्या संघाची हार कधी मनात आणली नव्हती, त्याला खिडकीत राहायचे असेल तर आता संघ जिंकून चालणार नव्हते.

वहिनींना हे दुसऱ्याच दिवशी कळले. त्या मामांच्या दुकानात गेल्या. मी तिथे सायकलचे पंक्चर काढायला थांबलो होतो.

"जिंकला तर माझा नवरा साहेब, हरला तर कारकून. ह्यो कसला न्याय?"

"वहिनी, आम्ही जिंकतोय," मामा म्हणाले. ते ट्यूब पाण्यात बुडवून बुडबुडे बघत होते.

"काल पण जिंकतच हुतासा."

मामांनी ट्यूबचे भोक बोटाने दाबून धरले. वहिनी निघताना म्हणाल्या, "त्या पोरांना जरा अंडी-बिंडी खायला घाला," आणि गेल्या. त्या आठवड्यात तालमीत अंडी गेली. ती कुणी पाठवली, हे मी कुणाला विचारले नाही.

रविवारी स्टेडियम दुपारीच भरले. पलीकडच्या पेठेच्या पायऱ्यांवर हलगी वाजत होती, आमच्याकडेही वाजत होती, आणि मधल्या पायऱ्यांवर बसलेल्यांना एकमेकांचे बोलणे ऐकू येत नव्हते. बँकवाले आमच्या आधी येऊन बसले होते. अंगात तपकिरी स्वेटर होता. कुणी काही विचारले तर ते नुसती मान हलवत. पहिल्या डावात ते एकदाही ओरडले नाहीत. पुढच्या पायरीवरच्या एकाने मागे वळून विचारले, "काय बँकवाले, घसा बसलाय काय?" त्यांनी हाताने पुढे बघ अशी खूण केली.

पलीकडच्या पेठेने आधी गोल केला. त्यांच्या पायऱ्यांवरून एवढा आवाज आला की आमची हलगी आपोआप थांबली. मी बँकवाल्यांकडे बघितले. त्यांचा चेहरा गोल खाल्लेल्या माणसाचाच होता. त्यात सुटकेचे काही मला दिसले नाही, आणि मी बघत होतो.

हाफ टाईमला मामांनी पुडी सोडली नाही. "सल्ला त्योच हाय," ते म्हणाले. "जावा. बदलायचं काय कारण न्हाई."

"बघू," बँकवाले म्हणाले.

दुसऱ्या डावात लवकरच बरोबरी झाली. बँकवाल्यांनी बसल्या जागी टाळ्या वाजवल्या. त्यानंतर बराच वेळ चेंडू मध्येच फिरत राहिला. दोन्हीकडचे खेळाडू दमले होते आणि रेफ्री घड्याळ बघू लागला होता. मास्तर माझ्या कानाशी म्हणाले, "बरोबरी होणार. माणूस खिडकीत राहणार."

तेवढ्यात आमचा सेंटर फॉरवर्ड त्यांच्या गोलपुढे पाडला गेला आणि रेफ्रीने पेनल्टी दिली. पलीकडच्या पायऱ्यांवरून चपला मैदानात आल्या. त्या उचलून बाहेर टाकीपर्यंत खेळ थांबला. एरवी बँकवाले अशा वेळी उठून पाठ फिरवत. त्या दिवशी ते बसूनच राहिले आणि चेंडूकडे बघत राहिले. हात स्वेटरच्या बाह्यांत ओढून घेतले होते.

सेंटर फॉरवर्डने मारलेला चेंडू त्यांच्या गोलकीपरने हातांनी परतवला. चेंडू मोकळा झाला आणि गोलपुढे पडला. आमचा एक पोरगा त्याच्या सगळ्यांत जवळ होता, पण तो जागच्या जागी थबकला. आमच्या पायऱ्यांवर त्या क्षणी कुणाच्या तोंडून शब्द निघाला नाही. निघाला तो बँकवाल्यांच्या.

"मार की मर्दा! मार!"

ते उभे होते. सगळ्यांच्या आधी तेच उभे राहिले होते. त्या पोराने हा आवाज ऐकला की नाही, ते सांगता येणार नाही. अंतर बरेच होते. त्याने चेंडू मारला आणि जाळी हलली.

मग गुलाल उधळला, पटके उडाले, आणि पायरीवर कोण कुणाला मिठी मारतो आहे ते कळेनासे झाले. ते ओसरले तेव्हा बँकवाले खाली बसले होते. चष्म्यावर गुलाल होता.

"मारलाच की त्यानं," ते म्हणाले.

"तुम्ही वरडलासा," मामा म्हणाले.

"व्हय. वरडलो."

"गप बसला असतासा तरी गोल झाला असता."

"असंल. पण गप बसवंना." त्यांनी स्वेटर डोक्यावरून काढला. संघ स्पर्धेत असताना त्यांनी तो काढलेला मी पहिल्यांदाच पाहिला. घडी करून तो त्यांनी मांडीवर ठेवला. "उद्या व्हय म्हणून देतो लिहून."

मी कचेरीत जाऊन बातमी लिहिली. पेनल्टी अडवल्यानंतर परतलेल्या चेंडूवर निर्णायक गोल झाला, असे तिच्यात होते. बाकीचे बातमीत बसणारे नव्हते.

रुजू होण्याची तारीख अंतिम सामन्याच्या आधीची आली. बँकवाले गेले, आणि अंतिम सामन्याला त्यांची जागा रिकामी होती. रिकामी राहिली ती मामांमुळे. त्या दिवसापासून ते दुकानातले तेलकट फडके आणून त्या पायरीवर पसरत. पांढरा लेंगा घातलेला माणूस तिथे बसायला धजत नसे, आणि सामन्याला बहुतेक सगळे पांढरेच घालून येत. आम्ही अंतिम सामना हरलो.

हे बँकवाल्यांना कसे कळले, ते त्यांनी पुढे सांगितले. आमचा पेपर तिकडे दुपारनंतर पोचे. त्याआधी पोचायची कोल्हापूरची पहिली गाडी. तिचा कंडक्टर पलीकडच्या पेठेचा निघाला. शाखेचे नवे मॅनेजर स्टँडवर उभे राहून एसटीची वाट बघतात, हे दोन दिवसांत गावभर झाले होते.

कंडक्टर दारात उभा राहून म्हणाला, "काय पावणं, तिकीट पाहिजे का निकाल?"

"निकाल."

"आधी चहा."

चहा झाला. दुसरी बशी ओतली. मग कंडक्टर म्हणाला, "हरलासा. पण पोरं लई चांगली खेळली तुमची. आणि हे मी म्हणालो म्हणून तुमच्या पेठेत सांगू नका. मला तिथनंच घरी जायचं असतंय, पोरं चिडवतील." त्यानंतर प्रत्येक सामन्याचा निकाल त्याच्याकडूनच आणि चहानंतरच मिळू लागला. आमचा विजय असला तर चहाबरोबर भजीही लागत.

पुढच्या हंगामात बँकवाले दर रविवारी नाही, पण मोठ्या सामन्यांना येत. येताना काजूची पिशवी आणत, आणि भडंगात काजू पडू लागले. त्यांच्या बोलण्यात फरक पडला होता. ते आधी समोरच्याचे ऐकून घेत. एकदा त्यांनी सांगितले की शाखेत पहिले दिवस कुणी आत येत नव्हते, लोक दारातून बघून जात. मग त्यांनी खुर्ची उचलून दाराशी ठेवली आणि बाजाराच्या दिवशी तिथे बसले. "बसा पाटील" हे आरशात ठरवलेले वाक्य त्यांना कधीच वापरता आले नाही. पहिला माणूस आला तो म्हणाला, "बसा की साहेब, उभं का?" पावसाळ्यात शाखेतल्या कागदांना बुरशी आली आणि तपकिरी स्वेटर तिथे पहिल्यांदा खऱ्या गरजेसाठी वापरला गेला. आईंनी आठवड्याच्या आत ताम्रपर्णी नदीची वाट शोधून काढली होती. वहिनी म्हणत असत, की पाऊस एवढा आहे की नदीवर जायची गरज नाही, अंगणात उभे राहिले तरी अंघोळ होते. पण परत जाऊ असे त्या म्हणाल्या नाहीत.

त्याच हंगामात एका रविवारी हाफ टाईमला मामांनी विचारले, "हं, कुणाचं काय?" आणि मास्तर घसा साफ करू लागले.

त्यांच्या संस्थेची एक शाळा चंदगडच्या वाटेवर नेसरीला होती. तिथे मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली होती, आणि संस्थेने मास्तरांना विचारले होते. चित्रकलेच्या शिक्षकाला असे सहसा कुणी विचारत नाही. मास्तर हे सांगताना भडंगातले काजू वेचून बाजूला ठेवत होते.

"पण पाऊस तिकडेही असणार," ते म्हणाले. "आणि इतक्या वर्षांची आपली ही पायरी."

पूर्वी अशा वेळी निकाल ठरलेला असे.  या वेळी मामा बँकवाल्यांकडे बघू लागले.

"मास्तर, जावा," बँकवाले म्हणाले. "पाऊस लई हाय म्हणत्यात, ते खरं हाय. पण पावसाचं काय न्हाई. पयले दोन म्हैने संध्याकाळ जड जाती. तवा शाळंत एक बॉल न्या. पोरं आपणहून येत्यात."

"जावा," मामा म्हणाले. मीही तेच म्हणालो.

तो सामना आम्ही हरलो. शेवटच्या शिट्टीनंतर मास्तर उठले, धोतर झटकले आणि म्हणाले, "म्हणजे आता पुढच्या रविवारी पुन्हा मांडायचं."

बँकवाले म्हणाले, "मांडायचं काय न्हाई. हरलो तरी जावा."

आम्ही सगळ्यांनी मामांकडे बघितले. नियम त्यांचा होता. मामा वाकून पायरीवरचे फडके गोळा करत होते. ते त्यांनी झटकले, त्यातले शेंगदाण्यांचे फोलपट उडाले, आणि ते घडी घालू लागले.  हरल्या दिवशी नियम सांगायचा राहिला, असे पायरीवर कधी झाले नव्हते.

"मामा, ते फडकं मला द्या," बँकवाले म्हणाले.

"कशाला? तुम्ही तर आज जाग्यावर बसलायसा."

"चंदगडची रविवारची गाडी भरून येती. नेसरीला चढणाऱ्याला उभं राहायला लागतंय. मास्तरांची जागा धरायला लागंल."

 मास्तरांनी आपल्या पांढऱ्या धोतराकडे बघितले.

मामांनी फडके दिले. "न्या," ते म्हणाले. "दुकानात लई हायती."